नेक्स्ट म्हणजे कोणता?

"माझा संडे मंगळवारी असतो," हे वाक्य मी रायपूरला आल्यापासून बिनदिक्कत बोलत होतो. त्यात काही चूक आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात आम्ही सगळे तसंच बोलायचो. कारखान्याची आठवड्याची सुट्टी मंगळवारी, म्हणून मंगळवार आमचा संडे. बीरगांवचे कामगार तर एकमेकांना विचारायचे, "तोर संडे कोन दिन हे?" आणि ज्याची सुट्टी गुरुवारी असायची तो सांगायचा, "बिरस्पत के." कोणाला काही खटकायचं नाही.

शंकर नगरात भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांसमोरही मी हेच वाक्य फेकलं. नळ किती वाजता येतो वगैरे विचारून झालं होतं. सामान कधी आणणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मंगळवारी आणतो, काका. मंगळवारी माझा संडे असतो."

त्यांनी चष्मा काढला. तो पुसून परत लावला आणि मला नव्यानं पाहिलं.

"मंगळवारी संडे?"

"हो."

"मंग बुधवारी मंडे काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोट्ट्याले बसू तं द्या. आला नाही तं परीक्षा."

"परीक्षा नाही, दुरुस्ती हाये," काका म्हणाले. "संडे हा वार हाये बेटा, सुट्टी नाही. तुह्या सुट्टीले म्हणायचं वीकली ऑफ. म्हण."

मी चांगला लग्न झालेला, मिशा असलेला माणूस. त्यांच्या ओसरीत उभं राहून "वीकली ऑफ" म्हटलं. माझी बायको अजून पाहुण्यांना सांगते की लोक घर घेताना आगाऊ भाडं देतात, यांनी आगाऊ उच्चार दिला.

काका रेल्वेत होते, कंट्रोल ऑफिसात. गाड्या कुठे थांबवायच्या, कोणती आधी सोडायची, हे टेलिफोनवर सांगण्यात त्यांचा जन्म गेला. मूळचे वर्ध्याकडचे. वऱ्हाडी बोलायचे, पण त्यात एखादा इंग्रजी शब्द आला की तो मात्र इस्त्री करून आल्यासारखा यायचा. आणि सगळं इंग्रजी नव्हे हं. इंग्रजी व्याकरणाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. "आय अ‍ॅम हॅविंग टू डॉटर्स" म्हणणाऱ्याला ते सोडून द्यायचे. त्यांचा हट्ट फक्त आठवड्यापुरता. वीकडे, वीकेंड, मिडवीक, धिस, नेक्स्ट, लास्ट. एवढंच राज्य, पण तिथे त्यांचा कायदा.

ह्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मध्यरात्रीनंतर सुटणारी एक गाडी होती. तिकिटावर वार सोमवारचा, म्हणजे रविवारची रात्र सरून लगेच. एक अख्खं वऱ्हाड सोमवारी रात्री स्टेशनावर आलं, नवरदेव, बँड, फळांच्या करंड्या, सगळं. गाडी आदल्या रात्रीच गेलेली. "नवरदेवाचा बाप माह्या ऑफिसात येऊन रडला," काका म्हणाले. "मी काय करू? गाडी टायमावर गेली होती. चुकला तो वार. तवापासून ठरवलं, माणसानं बाकी काही बी बोलावं, वार बरोबर बोलावा."

त्यांची एक म्हण होती, स्वतः घडवलेली. "गाडी एक दिवस उशिरा आली तं ती लेट, माणूस एक दिवस उशिरा आला तं तो येडा."

सरकारी दफ्तरांना शनिवारची सुट्टी सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत फार आनंद झाला. समोरचे शर्माजी सचिवालयात होते. ते शुक्रवारी सकाळी स्कूटरला किक मारता मारता ओरडले, "भैया, हैप्पी वीकेंड!" काका फाटकापाशी पेपर वाचत होते. शर्माजींना स्कूटर बंद करावी लागली.

"अभी कहाँ वीकेंड?" काका म्हणाले. "अभी आप दफ्तर जा रहे हो. फ्रायडे वीकडे होता है. शाम को टेबल का दराज बंद होगा, तब चालू होगा."

"अरे दादा, मन में तो कल से चालू है," शर्माजी म्हणाले.

"मन का अलग कैलेंडर छपवा लो."

शर्माजी पुढचे कितीतरी शुक्रवार मागच्या गल्लीनं गेले.

सगळ्यात मोठी फजिती मात्र माझीच. काका-काकू एकदा नागपूरला भाचीच्या लग्नाला निघाले. जाताना किल्ली माझ्या हातात देत काका म्हणाले, "फोर्टनाइटसाठी चाललो. झाडांना पाणी टाक. ओसरी झाडून घेत जा." मी मान डोलावली. वर जाऊन बायकोला सांगितलं की चाळीस दिवस गेलेत. फोर्टनाइट म्हणजे फोर्टी नाइट्स, त्यात विचारायचं काय? बायकोला माझ्या इंग्रजीवर तेव्हा थोडा विश्वास होता. तिनं आपल्या आईला बोलावून घेतलं, मावशीला बोलावून घेतलं, आणि तिघींनी मिळून रखियाच्या बड्या, म्हणजे आपले कोहळ्याचे सांडगे, घालायला घेतल्या. आमची गच्ची पुरेना म्हणून काकांची ओसरी, काकांचं अंगण आणि शेवटी काकांची बाजही. पंधरा दिवस संपले त्या सकाळी काका ऑटोतून उतरले, तेव्हा त्यांच्या बाजेवर बड्या होत्या, आणि झोपाळ्यावर माझी सासू घोरत होती.

काकांनी सासूकडे पाहिलं, बड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती रात्रींचा फोर्टनाइट?"

"चाळीस," मी खरं ते सांगितलं.

काकू हसून हसून ऑटोलाच टेकल्या. "जाऊ द्या न," त्या म्हणाल्या. "बड्या तं छान पडल्या हायेत. दोन डबे मले द्या म्हणजे झालं." काका दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी जिन्याखालून आवाज आला, "फोर्टीन! चौदा! फोर्टी नाही बे!" आणि मग बराच वेळ त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

काकूंचा आठवडा वेगळाच होता. सोमवार महादेवाचा, गुरुवार उपासाचा, इतवार मटणाचा. काका धिस-नेक्स्ट करायला लागले की त्या म्हणायच्या, "तुमचा इंग्रजी आठवडा तुमच्यापाशी. माह्या आठवड्यात एकच सोमवार असते, येते तो."

त्यांना आता मुलगी एकच, पुण्याला नोकरीत. धाकटी लहानपणीच तापात गेली होती. तिच्याबद्दल घरात बोलत नसत. फक्त काका "टू डॉटर्स" वाल्या माणसाला का सोडून देतात, ते मला पुढे कळलं. मोठीला मात्र त्यांनी बोट धरून आठवडा शिकवला होता. कॅलेंडरसमोर उभं करून विचारायचे, "आज गुरुवार. धिस संडे कोणता?" ती बोट ठेवायची. "आणि नेक्स्ट संडे?" ती बोट एक ओळ खाली न्यायची. येतो तो धिस, त्याच्या पलीकडचा नेक्स्ट. हा त्यांचा नियम. आपण सगळे येत्या रविवारालाच नेक्स्ट संडे म्हणतो. ती एकटी वर्गात तसं म्हणायची नाही. पोरं तिला चिडवायची, असं तीच एकदा हसत सांगत होती.

मग काकूंना धाप लागायला लागली. दोन जिने चढल्या की बसायच्या. हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं आणि ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं. एका गुरुवारी काका त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले. मीही सोबत होतो, गाडी चालवायला. डॉक्टर मोठे, बाहेर शिकून आलेले, बोलायला गोड. ते म्हणाले, "घबराइए मत माताजी. नेक्स्ट मंडे कर लेते हैं. एक दिन पहले भर्ती हो जाइए."

परत येताना काका खूश होते. "दहा-अकरा दिवस हायेत अजून," ते मागे वळून काकूंना म्हणाले. "आरामात तयारी होते."

मी आरशातून काकूंकडे पाहिलं. मला वाटलं होतं की डॉक्टर येत्या सोमवारचंच बोलून राहिले. पण मी फोर्टी नाइट्सवाला माणूस. वारांच्या बाबतीत काकांसमोर तोंड उघडायची माझी लायकी नव्हती, आणि मी ते मान्य केलेलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी ओसरीतूनच मुलीला फोन लावला. कमी ऐकू येत असल्यामुळे ते नेहमी स्पीकर चालू ठेवायचे. मी जोडे काढत होतो.

"नेक्स्ट मंडे करतो म्हणाले," काका म्हणाले.

"हाच सोमवार न, बाबा? मी आजच निघते."

"हाच कसा? हा तं धिस मंडे झाला. नेक्स्ट म्हणाले ते."

"बाबा, डॉक्टर लोक तसं नाही बोलत. तुम्ही एकदा फोन करून विचारून घ्या न."

"विचारायचं काय त्यात? शिकला-सवरला माणूस हाये, बाहेरची डिग्री हाये. आणि तू काहून विचारून राहिली? तुले कॅलेंडरसमोर उभं करून शिकवलं होतं न मी?"

 मग ती म्हणाली, "हो बाबा. ठीक आहे. मग मी त्या आधीच्या शुक्रवारचं तिकीट काढते."

"हां. असं. आता बरोबर बोलली."

रविवारी सकाळी काकूंनी चीला केला होता, इकडचं तांदळाच्या पिठाचं धिरडं. आम्हालाही खाली बोलावलं होतं. काकांचा फोन वाजला. स्पीकरवर एक मुलगी बोलत होती, दवाखान्यातली.

"अंकल, माताजी को लाए नहीं अभी तक? कल सुबह पहला केस उन्हीं का है."

"कल?" काका म्हणाले. "नहीं बेटा, हमको तो नेक्स्ट मंडे बोला है."

"हाँ अंकल, नेक्स्ट मंडे. कल ही तो है."

चीला तव्यावर करपायला लागला. बायकोनं उठून गॅस बंद केला. काका फोन हातात घेऊन उभे होते आणि फोन कधीच बंद झाला होता.

मी म्हटलं, "काका, पुढे ढकलायला सांगू का? आठ दिवसांनी करतील."

काकूच म्हणाल्या, "नोको बाप्पा. आठ दिवस आणखी जीव मुठीत धरून कोण बसते? होऊन जाऊ दे. सोमवार तं सोमवार."

मुलीला त्या दिवशी कोणतंच विमान मिळालं नाही. मिळालं ते सोमवारचं, दुपारी उतरणारं. दवाखान्यात भरती झाल्यावर काकूंनी तिला व्हिडिओवर पाहिलं. ती रडत होती. काकू म्हणाल्या, "येडी हायेस काय? आरामानं ये. मी कुठं पळून चालली?"

ती आली तेव्हा काकू यंत्रावर होत्या. शुद्ध आलीच नाही. संध्याकाळी काकू गेल्या, तोवर ती त्यांचा हात धरून बसली. काका दारात उभे राहिले, आत गेले नाहीत. मी खुर्ची आणून दिली, तरी बसले नाहीत.

पुढच्या दिवसांत घरात नातेवाईक होते, गर्दी होती, तिथे कोणाला एकमेकांशी बोलावं लागत नाही. मग सगळे गेले. मुलगी निघाली त्या दिवशी मी तिची बॅग उतरवायला खाली गेलो होतो. ती उंबऱ्यात वाकून चप्पल घालत होती. काका खुर्चीत होते. ते म्हणाले, "मी विचारून घ्यायला पाहिजे होतं."

ती सरळ उभी राहिली. रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं इंग्रजी बरोबर होतं."

आणि पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर ती फोन करायची. औषध घेतलं का, घेतलं. जेवले का, जेवलो. ह्यापलीकडे फोन जायचा नाही. दिवाळीला आली नाही. कामं आहेत म्हणाली. असतीलही.

काकांनी दुरुस्ती सोडली. आधी गल्लीच्या ते लक्षात आलं नाही, मग आलं आणि सगळे अस्वस्थ झाले. शर्माजी पुन्हा समोरच्या रस्त्यानं जायला लागले. एकदा कसल्याशा सणाची सुट्टी बुधवारी आली, तर त्यांनी मुद्दाम स्कूटर थांबवून "हैप्पी वीकेंड, दादा!" म्हटलं. काका म्हणाले, "थँक्यू." शर्माजी माझ्याकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "यार, गाली दे देते तो अच्छा लगता."

मीही प्रयत्न केले. माझ्याकडे दुसरं काही देण्यासारखं नव्हतं, चुका भरपूर होत्या. एका मंगळवारी सकाळी चहा घेऊन खाली गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, "काका, आज तर माझा संडे!"

त्यांनी कप घेतला.

"हव," म्हणाले.

"म्हणजे उद्या मंडे," मी आणखी जोर लावला.

"हव."

वर आलो. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चहात साखर कमी होती." जन्मभर मला हसणारी माझी बायको त्या दिवशी हसली नाही.

मग वर्ष उलटल्यावर, श्राद्धाच्या आसपास, काका एक दिवस जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलीचा मेसेज होता. इंग्रजी अक्षरांत मराठी, आजकाल सगळे लिहितात तसं. बाबा, नेक्स्ट सॅटरडे येते. पुण्याच्या गाडीनं. दोन-चार दिवस राहीन.

तो दिवस बुधवार होता. तिथेच अभ्यासाला बसलेल्या माझ्या शाळकरी मुलीनं चटकन सांगितलं, "अरे अंकल, परसों के बाद! इसी सॅटरडे!" तिच्या पिढीला शंका नसते. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, "फोन लावून विचारून घेऊ न, काका. कोणता शनिवार ते. मी विचारतो."

"नोको."

"अहो, पण..."

"विचारू नोको," ते म्हणाले. "तिले वाटन, बाप अजून शब्दच तपासून राहिला. मी दोन्ही शनिवारी जातो. मले काय काम हाये?"

ती दुसऱ्या शनिवारी आली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण तुम्हाला ताटकळत ठेवून गोष्ट रंगवणं मला जमत नाही, आणि मला सांगायचंय ते त्या शनिवारचं नाहीच. दुसऱ्या शनिवारी मी कारखान्यात होतो. बायकोनं सांगितलं की दोघं ऑटोतून उतरली, आणि मुलीनं काकांच्या हातातून स्वतःची बॅग काढून घेतली, कारण त्यांना उचलवत नव्हती. एवढंच तिनं गच्चीतून पाहिलं. नंतर ती येत राहिली, वर्षातून दोनदा. काका होते तोवर.

मला सांगायचंय ते पहिल्या शनिवारचं. त्या दिवशी मी रजा टाकून त्यांना स्टेशनावर नेलं. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. गाडी यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ते एका एका घोषणेला कान देत होते, जसे पूर्वी कंट्रोलमध्ये देत असतील. मध्येच म्हणाले, "आज आली तं समजायचं, बरं झालं. सगळे बोलतात तशी बोलायला लागली. माह्या शिकवण्यातून सुटली."

"आणि नाही आली तर?"

ते उठून फलाटाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

गाडी आली. माणसं उतरली, हमाल धावले, कोणाच्या तरी गळ्यात कोणी तरी पडलं. काका डब्यामागून डबा बघत शेवटपर्यंत चालत गेले. मी मागे. शेवटच्या डब्यातूनही ती उतरली नाही. गाडी पुढे बिलासपूरकडे निघून गेली आणि फलाट मोकळा झाला.

मी त्यांच्या जवळ गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "पुढच्या शनिवारी येईल, काका."

ते रुळांकडे पाहत होते. दवाखान्यात रडले नव्हते, घाटावर रडले नव्हते, मुलगी पायऱ्या उतरून गेली तेव्हाही नाही. आता तोंडावर हात धरून, भर फलाटावर, लहान पोरासारखे रडायला लागले. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी त्यांचा दंड धरला. बऱ्याच वेळानं त्यांना शब्द फुटले.

"पोट्टी अजून माह्यासारखीच बोलते रे," ते म्हणाले. "अजून माह्यासारखीच बोलते."